४६ किलोंची दिवाळी

बेळगावातून बागलकोट रस्त्याला लागलं, निलजी-मुतगे मागे टाकलं की सांबरा येतं. शेतं, देऊळ, चहाची टपरी असं चारचौघांसारखं गाव. फरक एवढाच की इथे डोक्यावरून विमान गेलं तरी कुणी मान वर करून बघत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ मध्ये, ब्रिटिश हवाई दलाने इथे धावपट्टी बांधली. पुढे भारतीय हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आली, नागरी विमानं आली आणि १४ सप्टेंबर २०१७ ला चकचकीत नव्या इमारतीचं उद्घाटनही झालं. सरकारदरबारी शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं. माणसं मात्र अजूनही विमान धरायला ‘सांबऱ्याला’च जातात.

नावावरून या भागात किती पिढ्या भांडल्या ते सांगायला नको. पण बॅगेला जो कागदी पट्टा अडकवतात त्यावर ना बेळगाव, ना बेळगावी, ना सांबरा. त्यावर असतं आयएक्सजी. तीन अक्षरं, ज्यांचा कुणालाच अर्थ लागत नाही आणि म्हणून कुणाचीच भावना दुखावत नाही. सीमाप्रश्नावर याहून निःपक्षपाती तोडगा आजवर कुणी काढलेला नाही.

सांबऱ्याहून परदेशी जाणारं विमान एकही नाही. बेंगळूर, मुंबई, हैदराबाद गाठायचं आणि मग पुढे. काहीजण चोर्ला घाट उतरून गोव्याला जातात. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तोही पर्याय वाढला. तरीसुद्धा तालुक्यातला परदेशप्रवास सांबऱ्याच्या दारातच सुरू होतो, कारण पोहोचवायला आलेली अकरा माणसं इथपर्यंतच येऊ शकतात. प्रवासी एक, नारळ दोन, मुलं चार आणि बाकीचे सूचना देणारे. आत जाणाऱ्या मावशी साठीच्या, विमानात पहिल्यांदाच बसणार. आणि ज्यांनी विमान आतून कधी पाहिलं नाही असे त्यांचे दीर त्यांना पट्टा कसा बांधायचा ते समजावून सांगत असतात.

या गर्दीचा हंगाम ओळखायचा असेल तर विमान कंपन्यांचं वेळापत्रक उघडून उपयोग नाही. भिंतीवरचं कालनिर्णय बघावं. गणपतीच्या आधीचा आठवडा, दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आणि कुणाच्या सुनेचे नऊ महिने कधी भरतात तो सुमार. बाकी युरोप बघायचा, बर्फात फोटो काढायचे, ही कारणं तोंडी लावायला. सीमाभागातला माणूस परदेशी जातो तो आपलाच सण दुसऱ्याच्या देशात करायला, आणि परदेशातला माणूस गावी येतो तो आपलाच गाव परक्यासारखा बघायला.

तिकीट काढताना पहिली चकमक इथेच उडते. लेक तिकडून स्वस्त तारीख शोधते, आई इकडून तिथी शोधते. स्वस्त तारीख हमखास अमावस्येला नाहीतर पितृपक्षात निघते. यावर जुन्या लोकांनी काढलेली तोड अशी, की आदल्या चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवायचं. म्हणजे एका पिशवीत सुपारी, अक्षता आणि एखादं वस्त्र घालून ती शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास तिथून सुरू झाला असं धरतात. मग प्रत्यक्षात अमावस्येला निघालं तरी दोष नाही. विमान कंपन्यांनी चोवीस तास आधी घरबसल्या चेक-इन करायची सोय दिली, तिचं फार कौतुक झालं. सांबऱ्याच्या शेजारणी ती सोय पिढ्यान्‌पिढ्या फुकट देत आल्या आहेत.

दुसरी चकमक कागदपत्रांची. सत्तरीतल्या एखाद्या अण्णांचा अर्ज भरायला नातू बसतो तेव्हा त्याच्या लक्षात येतं, की आजोबा जन्माला आले मुंबई राज्यात, शाळेत गेले म्हैसूर राज्यात, आणि पेन्शन घेतात कर्नाटकात. १९५६ आणि १९७३ या दोन्ही १ नोव्हेंबरांना आजोबा आपल्या सोप्यावर बसलेले होते. जन्मगावाचं स्पेलिंग एका दाखल्यावर जुनं, दुसऱ्यावर नवं. व्हिसाच्या खिडकीतल्या साहेबाने विचारलं, यापूर्वी कुठे प्रवास केला आहे का, तर अण्णा काय सांगणार? जागेवरून न हलता तीन राज्यं पाहिलेला माणूस जगात फार ठिकाणी मिळत नाही.

हे सगळं नवं आहे असं मात्र समजू नये. या भागातून परदेशी जायची वाट पहिल्यांदा रुळवली ती पलटणीने. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात गेली कित्येक दशकं आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढल्या. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ला इरिट्रियातल्या केरेनला आणि नंतर इटलीत. व्हिसा नाही, तिकीट नाही, वजनाची मर्यादा पाठीवर मावेल तेवढी. इटलीत १० जुलै १९४४ ला धारातीर्थी पडलेल्या नाईक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुलै २०२३ मध्ये तिथल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं केलं. रायगडाकडच्या पोराचं नाव इटलीतल्या डोंगरी गावाला ठाऊक आहे, आणि आपल्याकडे ‘इटली’ म्हटलं की पिझ्झा आठवतो.

टिळकांची गोष्ट आणखी मजेची. बेळगावात सार्वजनिक गणेशोत्सव रुजला तो त्यांच्या प्रेरणेने, १९०५ साली, झेंडा चौकात. ज्या माणसाने गणपती घरातून रस्त्यावर आणला, त्याला १९१९ चा गणेशोत्सव मात्र लंडनमध्ये काढावा लागला. ब्रिटिश पत्रकार चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी ते १९१८ च्या शरद ऋतूत गेले ते पुढच्या वर्षाच्या नोव्हेंबरातच परतीच्या वाटेला लागले. त्या काळी आरती दाखवायला फोन नव्हता आणि पुण्याची डाक बोटीने यायची. त्यांचे सहकारी आणि ‘केसरी’चे संपादक न. चिं. केळकर यांनी पुढे १९३२ मध्ये लंडनला महाराष्ट्र मंडळ स्थापन केलं. परदेशातल्या मराठी माणसाला सण एकट्याने करता येत नाही, त्याला अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार लागतोच, हे त्यांनी अचूक ओळखलं.

आता बॅगेकडे येऊ.

अमेरिकेला जाणाऱ्या बहुतेक विमानांत माणशी २३ किलोंच्या दोन बॅगा चालतात. एकूण ४६ किलो. या ४६ किलोंत किती दिवाळी बसते याचा हिशेब सांबऱ्याच्या एखाद्या घरात निघायच्या आदल्या रात्री मांडला जातो. सोप्यावर सतरंजी. सतरंजीवर दोन बॅगा आ वासून पडलेल्या. एकीत चकली, कडबोळी, शंकरपाळी आणि चिवडा. दुसरीत शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, जवसाची चटणी, काळं तिखट, कडक भाकरीच्या दोन चवडी आणि मधल्या फटींत नातवाची कानटोपी. प्रवाशाचे स्वतःचे कपडे अजून बाहेरच.

शेजाऱ्याकडून आणलेला लोंबता काटा बॅगेच्या मुठीला अडकवून थोरला मुलगा ती उचलतो. काट्यावर आकडा स्थिर व्हायच्या आत त्याचा दंड थरथरू लागतो.

“अठ्ठावीस झालं की ओ आई!”

“परत उचल की. नीट उचलला नाहीस तू.”

“नीट उचललं म्हणून कमी भरणार काय?”

“मग त्या साड्या काढ. तिकडं कोण बघतंय मला साडीत?”

साड्या निघतात. चकल्या राहतात. पंचवीस. मग स्वेटर निघतो. तिकडे थंडी उणे दहा आहे हे माहीत असूनही निघतो. चोवीस. मग थोरली जाऊबाई पुढे होऊन लाडवाच्या डब्यातला एकेक लाडू बाहेर काढायला लागते. अकरावा लाडू बाहेर येतो तेव्हा आकडा तेविसावर टेकतो आणि ते अकरा लाडू जमलेली माणसं तिथल्या तिथे संपवतात. निपाणीकडच्या घरांत ही रात्र जरा शांतपणे जाते म्हणतात. तंबाखूच्या वखारीत आयुष्य घालवलेला माणूस बॅग नुसती हलवून पाव किलोच्या फरकाने वजन सांगतो, आणि काटा खोटा असला पाहिजे असंही सांगतो.

एवढं करून सांबऱ्याच्या खिडकीशी पोहोचावं, तर तिथे नवा पेच. अमेरिकेचं तिकीट मुंबईपासूनचं, आणि सांबरा ते मुंबई वेगळं काढलेलं. देशातल्या विमानाला १५ किलो. त्यातून इथे येणारी काही विमानं पन्नास आसनांची. ४६ किलोंची दिवाळी १५ किलोंच्या विमानासमोर उभी राहते तेव्हा पोहोचवायला आलेल्या अकरा माणसांचा खरा उपयोग कळतो. त्यांतले चौघे उरलेलं सामान घेऊन रात्रीच्या बसने मुंबईला निघतात. मावशी तासाभरात मुंबईत, चकल्या बारा तासांनी.

वजनाचं निभावलं तरी वस्तूंचं उरतंच. आपल्या स्वयंपाकघरातल्या कुठल्या डब्याला जग कसं घाबरतं, हे परदेशी निघाल्यावरच समजतं. वाळलेल्या खोबऱ्याची वाटी घ्या. तिच्यात तेल भरपूर. ढिगाने राहिली तर आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून हवाई वाहतुकीच्या नियमांत खोबरं धोकादायक मालात मोडतं. त्याला संयुक्त राष्ट्रांचा क्रमांकसुद्धा आहे, १३६३. ज्या खोबऱ्याने सात पिढ्यांचं वाटण झालं, ते स्फोटकांच्या शेजारच्या यादीत बसलेलं बघून कुठल्याही गृहिणीची मान ताठ व्हावी. गंमत म्हणजे ओल्या नारळाचेही लाड वेगळे. २०२४ च्या ऑक्टोबरात शबरीमलाच्या यात्रेकरूंना नारळ हातातल्या सामानात नेऊ देण्यासाठी सरकारला खास मुदतीची सवलत जाहीर करावी लागली.

अनारशांचं संकट याहून मोठं. अनारशाला खसखस लागते, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. सिंगापूरलाही नाही चालत. अफूच्या बोंडातलं बी, त्यामुळे तिथल्या कायद्याला ते अफूचंच भावंड वाटतं. दुबईला नोकरी करणाऱ्या पोरासाठी प्रेमाने जाळीदार अनारसे करणाऱ्या आईला कल्पनाही नसते, की आपण अमली पदार्थांच्या वाहतुकीची तयारी करतो आहोत. जाणकार घरांत आता खसखस न लावलेले अनारसे करतात. खाणाऱ्याला ते पुरीसारखे लागतात आणि पाठवणारीला सुखाची झोप लागते.

बेळगाव बासमतीची पिशवी अमेरिकेला नेता येत नाही. खापरा नावाचा एक भुंगा आहे. धान्याच्या साठ्याचा फडशा पाडतो. तो ज्या देशांत आहे तिथून प्रवाशांनी तांदूळ आणायचा नाही असा अमेरिकेचा नियम, आणि त्या देशांत भारत आहे. मुलाच्या घरी आंबेमोहर वासाचा भात व्हावा म्हणून धडपडणाऱ्या आईला अडवायला अमेरिकेने शेवटी एक किडा उभा केला. ऑस्ट्रेलियाचा डोळा दुधावर. जनावरांचा लाळ्या-खुरकूत तिकडे पोहोचू नये म्हणून आपल्याकडच्या दुधाच्या मिठायांना तिथे मज्जाव. म्हणजे कुंदा गेला! बेळगावकराने कुठेही जाताना कुंदा न नेणं म्हणजे लग्नाला आहेराशिवाय जाणं. सिडनीच्या विमानतळावर तो डबा जाहीर केला की टाकून द्यावा लागतो, आणि जाहीर न करता सापडला तर दंड भरावा लागतो. काही खमके बेळगावकर तिसरा मार्ग काढतात. विमान उतरायच्या आत डबा शेजारपाजारच्या आसनांवर फिरवून रिकामा करतात. कुंद्याचा परदेशी प्रसार झाला असेल तर तो असा, तीस हजार फुटांवरून.

घरून माणूस निघत नसेल तर फराळाने तरी निघावं, म्हणून कुरिअरवाले आणि डाकखातं दिवाळीआधी कामाला लागतात. २०२५ मध्ये तेही अडलं. छोट्या पार्सलांवरची जकातमाफी अमेरिकेने ऑगस्टअखेर काढून घेतली. जकात कुणी कशी गोळा करायची हे ठरेना, म्हणून भारतीय डाक विभागाने अमेरिकेची पार्सलं थांबवली. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन होतं २१ तारखेला. जागतिक व्यापारयुद्धाच्या बातम्यांकडे ढुंकूनही न बघणाऱ्या कितीतरी आज्यांनी त्या दोन महिन्यांत जकातीच्या टक्क्यांवर मतं मांडली. ती छापण्याजोगी नव्हती.

यातली खरी मेख अशी, की यातलं जवळजवळ सगळं तिकडे मिळतं. १९७४ साली शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूवर सुरू झालेल्या पटेल ब्रदर्सची दुकानं आता अमेरिकाभर आहेत. न्यूजर्सीच्या एडिसनला ओक ट्री रोडवर उभं राहिलं तर बेळगावच्या रविवार पेठेत आल्यासारखं वाटतं, फक्त रिक्षा नाहीत. चकलीची भाजणी, मोदकाची उकड, गणपतीचं मखर, पूजेची हळदकुंकवाची पुडी सगळं हजर. लेक हे आईला फोनवर सांगते. आई ऐकून घेते आणि म्हणते, “असू दे की. तुमच्याकडचा डबा तरी भरून परत येतोय.”

कारण डबा रिकामा परत द्यायचा नसतो. सांबऱ्याहून गेलेले स्टीलचे डबे सहा महिन्यांनी येतात तेव्हा त्यांत बदाम आणि चॉकलेटं असतात. बदाम कॅलिफोर्नियाचे, तेच बेळगावच्या बाजारातही मिळतात. दोन्हीकडे मिळणाऱ्या वस्तू दोन्हीकडून वाहून नेणं, हाच या सगळ्या दळणवळणाचा पाया.

तिकडे पोहोचल्यावर पहिलं शिकायचं ते असं की सण शनिवारी असतात. चतुर्थी बुधवारी असली तरी मंडळाचा गणपती शनिवारी बसतो आणि रविवारी उठतो. अमेरिका-कॅनडातल्या मंडळांना एकत्र बांधणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, आणि शाळेच्या सभागृहात गणपती, लेझीम, पुरणपोळी, नाटकाचा एक अंक आणि आभारप्रदर्शन चार तासांत बसवायची कला तिथल्या मंडळांनी आत्मसात केली आहे. विसर्जन पुष्कळदा बादलीत. घरात कापूर लावला की छतावरचं धुराचं यंत्र कोकलतं, म्हणून आरतीच्या वेळी घरातला सर्वांत उंच माणूस पुठ्ठा घेऊन त्या यंत्राखाली वारा घालत उभा राहतो. त्याला टाळ मिळत नाही, पण पुण्य बहुधा जास्त मिळत असावं.

मॉरिशसची मात्र ऐट वेगळी. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात मजुरीला गेलेल्या मराठी माणसांच्या पणतवंडांना शनिवारची वाट बघावी लागत नाही. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना दिवाळीची पहिली सुट्टी मिळाली ती १ नोव्हेंबर २०२४ ला. फटाके नाहीत, पण गृहपाठही नाही.

घड्याळाचा घोळ आणखी निराळा. सांबऱ्यात संध्याकाळी साडेसहाला लक्ष्मीपूजन चालू असतं तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजलेले असतात. फोनमधला जावई दात घासत हात जोडतो. हा साडेनऊ तासांचा फरक बायका पाठ करून ठेवतात. आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेते. २०२४ मध्ये तो रविवार म्हणजे ३ नोव्हेंबर, नेमकी भाऊबीज. संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तिकडे दहा वाजले असतील अशा हिशेबाने, बहिणीने ताट घेऊन फोन लावला तर तिकडे नऊच वाजलेले आणि भाऊराय पांघरुणात. औक्षण उशीचं झालं. लंडनकरांची परीक्षा संकष्टीला. जूनमध्ये तिथे सूर्यच रात्री नऊनंतर मावळतो आणि संकष्टीचा चंद्र उगवायला मध्यरात्र होते. त्या दिवशी मोदक रात्रीच्या जेवणात धरायचे की सकाळच्या न्याहारीत, हे अजून ठरलेलं नाही.

सहा महिने राहून आई-वडील परत येतात. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते. इथली बोली त्यांनी ‘रावसाहेब’मधून घरोघर पोहोचवली आणि परदेश ‘अपूर्वाई’तून. ते पुस्तक वाचलेली माणसं परत आलेल्या मावशींना पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कबद्दल विचारायला येतात. मावशी कोथिंबिरीच्या जुडीचा भाव सांगतात. आणखी खोदलं तर कळतं, की देश बराचसा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलेला आहे.

अण्णा मात्र नायगारा बघून आलेले असतात.

“कसा आहे ओ नायगारा?”

“आहे की. पाणी आहे भरपूर. पण आमचा गोकाकचा धबधबा पावसाळ्यात काय कमी आहे काय?”

लोक हसतात, पण अण्णा अगदीच फेकत नसतात. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटरवरून उडी घेते, आणि नायगाराचा नालाकृती धबधबा सुमारे ५७ मीटरचा. रुंदीचं विचारू नये. अण्णाही तो विषय काढत नाहीत.

उलट्या वाटेने येणाऱ्यांची गर्दी गणपतीत. आखाती देशांत काम करणाऱ्यांना रजा कंपनी देईल तेव्हा, अमेरिकावाल्यांना मुलांची शाळा सोडेल तेव्हा, पण बेळगावची विसर्जन मिरवणूक बघायची हौस सगळ्यांना. ती आहेच तशी. हुतात्मा चौकातून निघून कपिलेश्वर तलावापर्यंत जायला तिला चोवीस तासही पुरत नाहीत. गावात राहणारी माणसं मध्यरात्रीनंतर पेंगायला लागतात. अमेरिकेतून परवा आलेला पाहुणा पहाटे तीनला टक्क जागा असतो, कारण त्याच्या शरीराला ती अजून दुपार वाटते. बिघडलेल्या झोपेचा इतका सदुपयोग दुसऱ्या कुठल्या उत्सवात होत नाही. सकाळी ढोलाचा आवाज टिपेला पोहोचतो तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर डोकं टेकून घोरत असतो आणि त्याची मुलं, ज्यांना मराठी येत नाही असं तो वर्षभर सांगत होता, ‘मोरया’ म्हणून घसा बसवून घेतात.

त्याहून अवघड असते गावची महालक्ष्मी यात्रा. बेळगाव तालुक्यातल्या अनेक गावांत ती दरसाल नसते, कित्येक वर्षांनी एकदा येते. ती ठरली की घरं रंगतात, मांडव पडतात आणि जगात असेल तिथून पोराला बोलावणं जातं. “कंपनी रजा देत नाही” हे कारण चालत नाही. “देवी पुन्हा येईस्तोवर तुझी कंपनी राहणार काय?” असं आजी विचारते, आणि सध्याचे दिवस बघता आजीचं म्हणणं खोडून काढणं कठीण असतं.

आलेला पाहुणा आठ दिवस राहतो. पहिल्या दिवशी बाटलीतलं पाणी पितो, तिसऱ्या दिवशी हंड्यातलं, पाचव्या दिवशी टपरीवर उभा राहून कटिंग मारतो. जाताना त्याच्या बॅगेत पुन्हा काळं तिखट, पुन्हा चटण्या, पुन्हा काट्यावर अठ्ठावीस. सांबऱ्याच्या दारात पुन्हा अकरा माणसं. दीर पुन्हा पट्टा कसा बांधायचा ते सांगतो, आणि ज्याने आजवर सात समुद्र ओलांडले तो पुतण्या मान डोलावून ऐकून घेतो.

तेव्हा यंदा दिवाळीला सांबऱ्याहून निघणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. खोबऱ्याच्या वाट्या घरी ठेवाव्यात. दुबई-सिंगापूरला जाणाऱ्यांनी अनारशांवरची खसखस विसरावी. अमेरिकेला तांदूळ आणि ऑस्ट्रेलियाला कुंदा नेऊ नये. लोणचं हातातल्या पिशवीत ठेवू नये, १०० मिलिलिटरच्या नियमाला आईच्या हातची चव कळत नाही. तिकीट शक्यतो सांबऱ्यापासून थेट एकच काढावं, म्हणजे १५ किलोंचा प्रश्न बहुतेक वेळा उद्भवत नाही. आणि शेजाऱ्याकडून आणलेला वजनकाटा विमान धरण्याआधी परत करावा. गल्लीत अजून दोन घरांना जायचं आहे.